समोरचे तीन मीटर आणि मागचा डोंगर

बालाघाटच्या कडेला वसलेल्या आमच्या तालुक्याच्या गावात सध्या चहाच्या टपरीपासून व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांपर्यंत एकच भांडण चालू आहे. गावालगतच्या टेकडीवर प्लॉटिंग झालंय, चुन्याच्या रेघा मारून रस्ते आखलेत, आणि तिथे घरं किती उंच बांधू द्यायची, रस्त्यापासून किती मागे सरकून बांधायला लावायचं, यावरून दोन तट पडलेत. एक तट म्हणतो, टेकडीचं रूप जाईल. तळमजल्यावर एकच मजला द्या आणि समोर साडेचार मीटर मोकळे सोडायला लावा. दुसरा म्हणतो, पोटाला चिमटा घेऊन तीस बाय चाळीसचा तुकडा घेतलाय, त्यातले साडेचार मीटर सोडले तर बांधायचं काय? हे मोकळं अंतर, म्हणजे मार्जिन, कमी करा आणि मजले वाढवून द्या. परवा हरकती-सूचनांची बैठक झाली. तीन तास आकडे फेकले गेले, खुर्च्या सरकल्या, एकदा माइकही ओढला गेला. पण त्या तीन तासांत ‘उतार’ हा शब्द कुणाच्या तोंडून आला नाही. टेकडीवरच्या घरांची चर्चा चालली होती आणि सगळे जण जणू परभणीच्या काळ्या सपाट रानात उभे राहून बोलत होते.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचायचं की नाही ते ठरवता येईल. उताराच्या जमिनीवर समोरचं अंतर कमी असावं, घर रस्त्याजवळ येऊ द्यावं. मोकळी जागा सोडायला लावायचीच, पण ती डोंगराच्या बाजूला. आणि उंचीवर बंधन हवं, तेही कडक. मात्र ती मोजायची मूळ जमिनीपासून. जेसीबीने तासून तयार केलेल्या जमिनीपासून नाही. म्हणजे पहिल्या तटाचं उंचीपुरतं बरोबर आहे आणि दुसऱ्याचं मार्जिनपुरतं. उरलेल्या अर्ध्यात दोघेही चुकतात, आणि चुकतात एकाच कारणाने: उंची आणि समोरचं अंतर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं दोघांनीही धरलंय. सपाटीवर त्या वेगळ्या असतीलही. उतारावर एकीला हात लावला की दुसरी हलते.

कशी, ते हिशेबानेच बघू. राज्याच्या एकीकृत नियमावलीनुसार १:५ किंवा त्याहून जास्त उताराच्या जमिनीवर बांधकाम चालत नाही. आमची टेकडी त्या रेषेच्या जेमतेम आत येते, म्हणून सोयीसाठी १:५ च धरतो. पाच मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. आता रस्त्याच्या वरच्या अंगाचा नऊ बाय बारा मीटरचा प्लॉट घ्या, म्हणजे आपला तीस बाय चाळीस. समोर साडेचार मीटर सोडायचे, मग सहा मीटर घर, मागे दीड मीटर. लोक काय करतात? अख्खा प्लॉट रस्त्याच्या पातळीला आणतात, कारण समोरच्या साडेचार मीटरमध्ये गाडी उभी करायची असते आणि एकास पाचच्या चढावर रोज गाडी चढवणं कुणाला परवडत नाही. बारा मीटर खोल सपाटी करायची तर मागच्या बाजूला २.४ मीटरचा उभा काप निघतो आणि साधारण ४६ ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) माती-मुरूम उपसावा लागतो. तेच समोर दीड मीटर सोडून साडेसात मीटरचं घर बांधलं आणि मागचे तीन मीटर जसेच्या तसे ठेवले, तर सपाटी नऊ मीटरची, काप १.८ मीटरचा आणि उपसा २६ ब्रास. त्यातही घराचे दोन टप्पे केले, पुढची खोली खाली आणि मागची सहा पायऱ्या वर, तर सव्वातेरा ब्रासमध्ये भागतं. सपाटीची खोली पाऊणपट झाली की उपसा जवळजवळ निम्म्यावर येतो, कारण उपसा खोलीच्या वर्गाच्या हिशेबाने वाढतो. शाळेतलं गणित आहे. बैठकीत मात्र ‘जास्त मार्जिन म्हणजे निसर्गाची काळजी’ असं इतक्या जणांनी म्हटलं की ऐकताना मलाही क्षणभर पटलं.

रस्त्याच्या खालच्या अंगाच्या प्लॉटवर हेच उलट्या बाजूने घडतं. घर जेवढं रस्त्यापासून मागे सरकेल तेवढं ते खाली उतरतं. जोतं रस्त्याच्या पातळीला ठेवायचं म्हटलं तर मागचे खांब लांबत जातात. साडेचार मीटर मागे सरकलं की घराच्या पुढच्या भिंतीपाशीच नव्वद सेंटिमीटरचा भराव आला, मागे तर दोन मीटरच्या वर. मग पुढचे खांब आखूड आणि मागचे उंच असं घर उभं राहतं. भूकंपाच्या हादऱ्यात आखूड खांब जास्त ताठ असल्याने जास्त भार स्वतःवर ओढून घेतात आणि आधी तुटतात, हे कुठलाही स्ट्रक्चरल इंजिनिअर सांगेल. तेच घर रस्त्याच्या कडेला आणलं तर गाडी थेट वरच्या पातळीवर लागते, बैठकीची खोली रस्त्याला आणि झोपायच्या खोल्या खालच्या टप्प्यावर. भराव नाही, उंच खांब नाहीत.

मग समोरच्या अंतराची एवढी श्रद्धा आली कुठून? १८९६ साली मुंबईत प्लेग आला. दाटीवाटीच्या चाळींत ऊन-वारा शिरत नव्हता. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याच्या आखणीत साडेत्रेसष्ट अंशांचा प्रकाशकोन आला. समोरच्या इमारतीने आकाश किती झाकावं याचं ते माप होतं. त्याच विचारातून पुढे इमारतींच्या नियमांत एक सूत्र रुळलं: इमारतीची उंची ही समोरचा रस्ता आणि समोरचं मोकळं अंतर यांच्या बेरजेच्या दीडपटीहून जास्त नको. राष्ट्रीय इमारत संहितेत ते आलं, आपल्याकडच्या जुन्या नगरपालिकांच्या नियमांतही होतं. आताच्या नियमावलीची कोष्टकं वेगळी आहेत, पण डोक्यात बसलेली गोष्ट तीच: मागे सरका आणि उंच व्हा. दाट, सपाट शहरात हे चोख आहे. आता तेच सूत्र टेकडीच्या वरच्या अंगाच्या प्लॉटला लावा. नऊ मीटरचा रस्ता आणि तीन मीटर अंतर असेल तर परवानगी १८ मीटरची. आणखी दीड मीटर मागे गेलात की सव्वादोन मीटर उंची बक्षीस मिळते, आणि दीड मीटर मागे गेल्यामुळे जोतंही आपोआप तीस सेंटिमीटर वर चढलेलं असतं. म्हणजे जो डोंगरात जास्त घुसेल त्याला नियम दोनदा शाबासकी देतो. प्लेगच्या मुंबईसाठी निघालेलं औषध आपण बालाघाटाला देतोय, आणि बालाघाटाला तो आजार नाहीच. उतारावर प्रत्येक घर खालच्यापेक्षा वर असतं; ऊन-वाऱ्याची सोय डोंगरानेच करून ठेवलेली असते. उलट मराठवाड्याच्या मे महिन्यात घरापुढचं मोकळं पटांगण म्हणजे दुपारी चारपर्यंत तापलेला तवा.

आमच्या गावातली जुनी पेठ याच टेकडीच्या दुसऱ्या अंगावर आहे. तिथे नियमावली नव्हती, पण रीत होती. घराचा ओटा थेट गल्लीला. गल्ली अरुंद, दुपारभर सावलीत. घरं दोन टप्प्यांत, आणि खालच्या घराचं माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत, वरच्या घराच्या अंगणाला लागून. उन्हाळ्यात वरच्या घरातल्या काकू दोन पायऱ्या उतरून खालच्यांच्या माळवदावर कुरडया घालायच्या आणि खालच्या वहिनी त्यांच्यावर ओरडायच्या, “ओ काकू, आमचं माळवद गळायलंय, जरा हळू चाला!” घरांमागे मात्र प्रत्येकाने डोंगराचा एक पट्टा सोडलेला होता. त्याला कुणी मार्जिन म्हणत नव्हतं. तिथे शेवगा असायचा, सरपण असायचं, आणि पावसाळ्यात वरून येणारं पाणी एका चरातून बाजूच्या ओढ्याला जायचं. जुनं ते सगळं सोनं होतं असं मी म्हणत नाही. त्या गल्लीतून बाळंतिणीला खाटेवर घालून न्यायला लागायचं, तेही मी पाहिलंय.

आणि माळवदाचं गुणगान करताना किल्लारीचा भूकंप आठवायलाच हवा. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं. लातूर-धाराशिवमध्ये जवळजवळ दहा हजार माणसं गेली. ती कशाखाली गेली? उंच इमारतींखाली नाही. दोन-तीन फूट जाडीच्या दगड-मातीच्या भिंती आणि वर्षानुवर्षं थर चढवून जड झालेली धाब्याची छतं, त्यांच्याखाली. बहुतेक घरं एकमजलीच होती. म्हणून ‘मजले कमी म्हणजे घर सुरक्षित’ असं बैठकीत कुणी म्हणालं की मला राहवत नाही. माळीण काय उंच इमारतींचं गाव होतं? ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगर खाली आला तेव्हा त्याने मजले मोजले नाहीत. इर्शाळवाडीतही २०२३ च्या जुलैत तेच. मारतो तो उतारावर चुकीच्या जागी दिलेला भार, अडवलेलं पाणी आणि न बांधलेला काप. घर किती मजल्यांचं आहे हा प्रश्न त्यानंतरचा.

मग उंचीवर बंधन कशाला, असं दुसरा तट लगेच म्हणेल. म्हणतोच. त्यांच्या हातात शिमल्याचा दाखलाही आहे: २०१७ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने तिथे अडीच मजल्यांच्या वर जायला मनाई केली होती, आणि २०२४ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने ते आदेश बाजूला सारून शहराच्या विकास आराखड्याला वाट करून दिली. गंमत अशी की पहिला तट २०१७ चा शिमला सांगतो आणि दुसरा २०२४ चा. दोघांपैकी कुणी १:५ चा बालाघाट आणि शिमल्याचे देवदारांचे कडे यांत काही फरक आहे का, हे विचारत नाही. उंचीवर बंधन हवं ते माझ्या मते दोन कारणांसाठी. एक, जेवढी उंची जास्त तेवढा पाया मोठा, तेवढी गाडी-पार्किंगची गरज मोठी, तेवढी सपाटी मोठी. म्हणजे उंची फिरून कापावरच येते. दुसरं, उतारावर वरच्याचं ऊन, वारा आणि नजर खालच्याच्या हातात असते. खालच्याने एक मजला चढवला की वरच्याची सगळी खिडकी गेली. मग वरचा आणखी वर चढतो. ही चढाओढ सपाटीवरही चालते, पण तिथे निदान सगळे एका पातळीवरून सुरुवात करतात.

पण बंधन घालायचं तर मोजायचं कुठून? इथेच खरी गोम आहे. राष्ट्रीय इमारत संहितेत उंची मोजतात ती इमारतीभोवतीच्या जमिनीच्या सरासरी पातळीपासून, किंवा प्राधिकरण ठरवेल तिथून. आता ‘भोवतीची जमीन’ म्हणजे कोणती? जेसीबी येण्याआधीची की नंतरची? खालच्या बाजूला भराव टाकला की सरासरी वर चढते आणि कागदावर इमारत बुटकी होते. वरच्या बाजूला काप घेऊन एक मजला तळघर म्हणून दाखवला की तो हिशेबातून सुटतो. रस्त्यावरून पाहिलं तर दोन मजले, खालच्या ओढ्यातून पाहिलं तर चार. दोन्ही कागदावर बरोबर! म्हणून मी म्हणतो, छताने उतारासोबत चालावं. मूळ जमिनीच्या कुठल्याही बिंदूपासून त्याच्या बरोबर वरचं छत सात मीटरच्या आत. सातच का, यावर वाद घाला, मला हरकत नाही. साडेसहा करा, आठ करा. पण सरासरी काढू नका. सरासरी काढली की डोंगराचं पोट कुठे आणि पाठ कुठे हेच पुसलं जातं.

आता विरोधातल्या मुद्द्यांकडे येतो, आणि त्यातले काही चांगलेच भारी आहेत.

सगळ्यात भारी मुद्दा रस्ता रुंदीकरणाचा. आज दीड मीटरवर घर बांधू दिलं, उद्या वस्ती वाढली, रस्ता अपुरा पडला, मग काय घरं पाडायची? मराठवाड्यातल्या कुठल्याही शहरात विचारा. पिवळी खूण मारून गेलेली भिंत आणि अर्धं कापलेलं दुकान प्रत्येकाने पाहिलंय. हे दुखणं खोटं नाही. पण उतारावर रस्ता रुंद करायचा म्हणजे काय करायचं, हे जरा डोळ्यांसमोर आणा. एका बाजूला डोंगर तासायचा आणि दुसऱ्या बाजूला भराव टाकायचा. म्हणजे उद्याच्या कापासाठी आज जागा राखून ठेवायची. टेकडीवर रस्ता नंतर रुंद करायचाच नसतो. आज जेवढा लागेल तेवढा पुरता घ्या, समपातळी रेषेने न्या, आणि पुढे कमी पडला तर वेगळ्या पातळीवर दुसरा काढून दोन्ही एकेरी करा. घाटातल्या वाटा अशाच वाढत आल्यात. रस्त्याच्या रुंदीत मी एक फूटही कमी करा म्हणत नाही. मी बोलतोय ते रस्त्याच्या पलीकडच्या खाजगी तीन मीटरबद्दल.

अग्निशमनच्या गाडीचा मुद्दाही याच जातीचा. बंब रस्त्यावरून येतो आणि रस्त्यावर उभा राहतो, त्याला वळायला जागा लागते. माझ्या घरापुढच्या तीन मीटरमध्ये तो येत नाही, कारण तिथे कंपाउंड वॉल आहे, बोअरची मोटर आहे, तुळस आहे आणि शेजाऱ्याच्या पोराची बंद पडलेली स्प्लेंडर आहे. तुमच्या घरापुढे काय आहे, एकदा बघून या.

तिसरा मुद्दा गरिबाच्या प्लॉटचा, आणि तो मला सगळ्यात जास्त टोचतो. उंची सात मीटर केली तर ज्याच्याकडे जेमतेम गुंठाभर जागा आहे त्याने दोन भावांचा संसार कुठे थाटायचा? वर चढू दिलं तरच त्याला जागा मिळते. बरोबर आहे. पण त्याच तीस बाय चाळीसमध्ये समोर साडेचार आणि मागे दीड मीटर सोडले, तर घराला सहा मीटरची खोली उरते. समोर दीड आणि मागे तीन केले तर साडेसातची. बाजूच्या अंतराचा हिशेब सोडला तर दर मजल्याला जवळजवळ दीडशे चौरस फूट वाढतात, म्हणजे एक बरी खोली. दोन मजल्यांत दोन खोल्या, शिवाय उताराच्या पोटात एक अर्धा मजला. तिसऱ्या मजल्याची निकड बरीचशी तिथेच भागते. सगळी नाही, मोठ्या कुटुंबाची अडचण राहील, आणि ती मी झाकत नाही. पण आज तो काय करतो? साडेचार मीटरचा नकाशा मंजूर करून घेतो आणि बांधतो रस्त्यापर्यंत, कारण दुसरा इलाजच नसतो. मग पंधरा वर्षं घर बेकायदा. अशी बेकायदा तुकड्यांवरची घरं नियमित करणारा २००१ चा गुंठेवारी कायदा कशासाठी आला? आणि २०२१ मध्ये त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना का वाढवून द्यावी लागली? लोकांना पाळता येणार नाही असा नियम करायचा आणि दर काही वर्षांनी दंड घेऊन माफ करायचा, या धंद्यात नियमाचा हेतू कधीच मरून जातो.

‘आपल्याकडे दरडी कोसळत नाहीत’ असं म्हणणारेही आहेत, आणि त्यांचंही अर्धं खरं आहे. कोकणात तीन हजार मिलिमीटर पाऊस, आपल्याकडे सातशे-आठशे. शिवाय आपला बेसाल्ट कठीण. वेरूळचं कैलास वरून खाली कोरलं, त्याच्या मागचा उभा कडा बाराशे वर्षं उभा आहे ना? देवगिरीच्या किल्ल्याची टेकडी भोवताली उभी तासलीय, तीही उभीच आहे. आहे, पण त्या कारागिरांनी कठीण थर हेरून तिथे हात घातला होता. देवगिरीचा कडा तर शत्रूला चढता येऊ नये म्हणून तासला; आपण तसलाच कडा पार्किंगसाठी तासतो आणि त्याच्या पायथ्याशी झोपतो. आणि थर चुकला की काय होतं, ते पाहायला कन्नड तालुक्यात पितळखोऱ्याला जा. तिथला खडक ठिसूळ, लेण्यांचा दर्शनी भाग जागोजागी ढासळलाय. पण मला तिथली एक गोष्ट फार आवडते. पायऱ्यांच्या बाजूला पाच फण्यांचा एक नाग कोरलाय आणि त्याच्या फण्यांना आरपार भोकं आहेत. मागच्या डोंगरात झिरपणारं पाणी खडकातल्या मार्गाने त्या फण्यांतून बाहेर पडावं, अशी ती योजना. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या माणसांना ठाऊक होतं की डोंगर कापला की पाणी येणारच, आणि त्याला वाट द्यावी लागते. आमच्या नव्या लेआउटच्या नकाशात रस्ते आहेत, ओपन स्पेस आहे, विजेची डीपी आहे. वरचं पाणी कुठून जाणार, ते नाही.

आपला पाऊस कमी असेल, पण तो पडतो कसा? महिनाभर आभाळाकडे बघायला लावतो आणि मग चार दिवसांत उरलेला हिशेब चुकता करतो. २०१६ मध्ये ज्या लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्याच मुलखात २०२५ च्या सप्टेंबरात शेतं खरवडून गेली. बेसाल्टच्या दोन थरांच्या मध्ये बऱ्याच ठिकाणी लाल मातकट पट्टा असतो. वरून मुरलेलं पाणी त्याच्यापर्यंत येतं, खाली जाऊ शकत नाही, मग आडवं चालतं. कापाने तो पट्टा उघडा पडला की ते पाणी तुमच्या मागच्या भिंतीत.

हे पुस्तकातून सांगत नाहीये. माझं घर याच टेकडीच्या पायथ्याला आहे. बांधताना ठेकेदार म्हणाला, “सर, उताराचं कशाला टेन्शन घेता, दोन दिवसांत लेव्हल करून देतो.” दिलीही. मागचा काप आठ फुटांचा, वर पिवळा मुरूम, कमरेएवढ्या उंचीवर वीतभर जाडीची लाल पट्टी. मला ती दिसायला छान वाटली होती. कापाला लागून दगडी भिंत घातली, घर आणि भिंत यांच्यात दोन फूट बोळ. तिसऱ्या वर्षी पोळ्याच्या सुमाराला खूप पाऊस झाला, नंतर आठ दिवस उघडीप होती. त्या उघडिपीत एका सकाळी भाडेकरूची मुलगी वर आली, “काका, भिंतीतून पाणी यायलंय.” पाऊस नाही, ढग नाही आणि भिंत घामेजलेली. दुपारपर्यंत ती बोटभर पुढे झुकली. मिस्त्रीमामांना बोलावलं. त्यांनी भिंतीला हात लावला, वास घेतल्यासारखं केलं आणि म्हणाले, “सर, डोंगराचं पाणी हाय हे. आडवलं की फुगतंय. वाट द्या त्याला.” भिंत उतरवली, मागे खडी भरली, चार इंची पाइप घालून परत बांधली. लाखाच्या वर गेले. ठेकेदाराला दोष द्यायचा मला हक्क नाही. लेव्हल मीच मागितली होती.

राहिला मुद्दा अंमलबजावणीचा. ‘साधा आकडा असला की तपासता येतो, मूळ जमीन, टप्पे, मागचा पट्टा असलं काही आणलं की टेबलाखालचे व्यवहार वाढतील.’ हे बोलणारे गृहस्थ निवृत्त कारकून आहेत आणि त्यांना टेबलाची दोन्ही अंगं माहीत आहेत, त्यामुळे मी त्यांचं हसण्यावारी नेत नाही. पण मी मागतोय तेही आकडेच आहेत: समोर दीड, मागे तीन, वर सात. फक्त मोजणीचा आधार आधी नोंदवायला हवा. लेआउटला मंजुरी देण्यापूर्वी, एकही यंत्र जागेवर जाण्याआधी, टेकडीचा समपातळी नकाशा काढून फाइलला लावायचा आणि नगरपरिषदेच्या फलकावर टांगायचा. स्वामित्व योजनेत गावोगावच्या गावठाणांवरून ड्रोन फिरले, मग प्लॉटिंगच्या टेकडीवरून एकदा फिरवायला काय हरकत आहे? खर्च लेआउटवाल्याचा. मग जोत्याच्या तपासणीला आलेल्या माणसाला जमीन किती तासली ते वाद न घालता कळेल. आणि मागचे तीन मीटर शाबूत आहेत का, हे तर शेजारीही सांगेल.

‘डोंगरावर बांधूच नका’ म्हणणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, आणि १:५ च्या वरच्या उतारावर, ओढ्याच्या उगमाशी, लाल पट्टा उघडा पडेल अशा कड्याला मी त्यांच्यासोबत आहे. तिथे तसूभरही सूट नको. पण तुळजापूर, माहूर, खुलताबाद ही आपली गावंच डोंगराच्या अंगाखांद्यावर आहेत. सपाटीवरची काळी जमीन प्लॉटिंगखाली घालायची आणि मुरमाड टेकडी मोकळी ठेवायची, हा सौदा शेतकऱ्याला विचारून तरी करा.

बैठक संपल्यावर बाहेर पडताना दुसऱ्या तटातल्या एका तरुणाने मला गाठलं. माझाच जुना विद्यार्थी. म्हणाला, “सर, तुमच्या ह्या नियमात तुमचं घर बसतं का?” घरी येऊन टेप घेतली. समोर तीन मीटर आहेत, दुप्पट. मागे तीन मीटरऐवजी दोन फूट. गच्चीवर मुलासाठी काढलेली खोली धरून उंची साडेनऊ मीटर भरते. म्हणजे ती खोली नियमाबाहेर, आणि मागची भिंत तर मुळात नकोच होती. हरकतीच्या अर्जात हे सगळं लिहून टाकलं, टेपचे आकडेही. अर्जाची पोच घेऊन परत आलो तेव्हा बोळात ते चार इंची पाइप गळत होते. पाऊस थांबून पाच दिवस झाले होते.